मासे न खाणारे परब

जवळजवळ तीस वर्षं मी पगार घेतला तो गप्प बसण्याचा. घरी हे कुणाला पटत नाही. घरात माझी टकळी अशी चालते, की ही बाई वर्गात तोंड मिटून बसत असेल यावर आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत कुणी पैज लावली नसती. पण खरं तेच आहे. परळच्या बाजूच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकवत होते आणि माझं मुख्य काम होतं, उत्तर माहीत असताना ते न सांगणं. करून बघा म्हणजे कळेल. जिभेच्या टोकावर आलेलं उत्तर परत गिळायचं, आणि समोरचं पोर पार चुकीच्या गल्लीत शिरताना बघत बसायचं. सुरुवातीला माझं डोकं दुखायचं.

बाहेरच्यांसाठी थोडं खुलासेवार सांगते. आमच्या वेळी वैद्यक शिकवायचं म्हणजे फळ्यावर रोगाचं नाव लिहायचं आणि खाली कारणं, लक्षणं, उपचार असं उतरत जायचं. मुलं ते उतरवून घेत, पाठ करत आणि परीक्षेत परत देत. रोगी मात्र उलटा येतो. तो येऊन म्हणतो, “बाई, बरं वाटत नाही,” आणि बसून राहतो. रोगाचं नाव त्याच्या गळ्यात अडकवलेलं नसतं. म्हणून मी फळा सोडला आणि केस द्यायला लागले. एक माणूस, त्याची एक तक्रार. पुढचं सगळं मुलांनी विचारायचं. विचाराल तेवढंच मिळेल, न विचाराल ते मिळणार नाही, एवढा एकच नियम.

माझगावच्या गोदीतला एक माणूस मी बरीच वर्षं वापरला. पोटात कळा आणि मनगटं लुळी, ही त्याची तक्रार. एका बॅचने त्याची झोप विचारली, भूक विचारली, आजोबा कशाने वारले तेही विचारलं. तो दिवसभर करतो काय, हे मात्र तास संपेपर्यंत कुणी विचारलं नाही. तो जहाजांचा जुना रंग खरवडत असे आणि त्या रंगातलं शिसं त्याच्या पोटात जात होतं. तास संपल्यावर मी हे सांगितलं तेव्हा मुलं माझ्यावरच चिडली. मॅडमनी आधीच सांगायला काय हरकत होती, म्हणे.

ती चिडलेली मुलं सरळ डीनसाहेबांकडे गेली. “मॅडम शिकवत नाहीत, नुसतं विचारतात.” साहेबांनी मला बोलावलं. भला माणूस, पण शिस्तीचा. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही शिकवत का नाही?” तोंड उघडल्यावर मी किती बोलू शकते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बोलण्याच्या भरात मी एक पाऊल पुढेच टाकलं. म्हटलं, कागदावरच्या केसेस पुरेत, आता प्रत्येक मुलाला लालबाग-परळच्या चाळीतलं एकेक कुटुंब द्या. वर्षभर त्याने तिथे जायचं, त्या घरातल्या दुखण्याखुपण्याचं कारण शोधायचं, वर्गात येऊन मांडायचं. साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, “एक वर्ष. चाळीतून एक जरी तक्रार आली तरी तुम्ही फळ्यासमोर.”

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा अश्रुधूर. अशा दिवसांत मी मेडिकलची कोवळी पोरं गिरणगावात सोडायला निघाले होते. माझ्या आईचं म्हणणं होतं, की मला रिकामपण सोसत नाही.

कुटुंबं चिठ्ठ्या टाकून वाटली. डॉक्टरला रोगी निवडता येत नाही, तेव्हा विद्यार्थ्यालाही नाही. लालबागचं परब कुटुंब निघालं किरीटच्या नावावर. किरीट भुलेश्वरच्या कापडवाल्या गुजराती जैन घरातला. उंच, सडपातळ, अतिशय सभ्य, कांदासुद्धा न खाणारा. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला कांबळे. हा वरळीच्या बीडीडी चाळीतला, घरातला पहिला कॉलेजात आलेला, आणि जिभेला धार अशी की माझ्या तासाला झोप यायची कुणाची टाप नव्हती. तो म्हणाला, “मॅडम, ह्याला परबांकडे पाठवताय? त्यापेक्षा मला द्या. माझी माणसं आहेत ती.” मी म्हटलं, “म्हणूनच तुला नाही.”

परबांची खोली तिसऱ्या मजल्यावर. गोपाळ परब गिरणीत साचेखात्यात, मागावर. त्याची आई, जिला सगळी चाळ आजी म्हणायची. आणि बायको सुगंधा. सुगंधाला नुकतेच दिवस गेले होते. आधीचं मूल पोटातच गेलं होतं, आणि त्या वेळी तीही जाता जाता वाचली होती. आता तिचे डोळे, नखं, ओठ कागदासारखे पांढरे पडले होते. अंगात रक्त नव्हतं. किरीटच्या केसचा प्रश्न एवढाच होता: ही बाई पांढरी का? त्याचं उत्तर मिळालं नाही तर या खेपेला काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. आजीलाही ते ठाऊक होतं. त्या पहिल्या दिवशी मी किरीटबरोबर गेले होते, तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला येऊन ती मला म्हणाली, “डाक्तरीणबाय, माका नातू नको, नात नको. ही पोरगी वाचाक व्हयी.”

किरीट आठवड्यातून दोनदा जाऊ लागला, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. घड्याळ लावावं असा मुलगा. त्याच्यासाठी आजीने कोरी करकरीत कपबशी आणून फळीवर वेगळी ठेवली. चहाबरोबर गूळ-खोबरं. तो मन लावून प्रश्न विचारी आणि सगळं लिहून घेई. बाळंतपणाचा अंदाज काढायला त्याने सुगंधाची चौकशी केली, तेव्हा कळलं, की ती भातलावणीपासून कापणीपर्यंत सावंतवाडीकडे गावी होती आणि गोपाळ गणपतीला चार दिवस रजा काढून गेला होता. हे वर्गात सांगताना त्याचे कान लाल झाले. वर्गाने बाकं वाजवली.

त्याने केस मांडली ती पुस्तकात शोभेल अशी. या घरात भात, डाळ, भाजी आणि कधीमधी ताक. मासे नाहीत, मटण नाही, अंडं नाही. आहारात लोह नाही, सत्त्व नाही, म्हणून अंगात रक्त नाही. उपाय, पुस्तकाप्रमाणे, मासे आणि कलेजी. तो ‘कलेजी’ म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की मला हसू आवरेना. पण बहाद्दराने परबांच्या खोलीत जाऊन तोही सल्ला दिला. आजीने गंभीरपणे मान डोलावली. “तू सांगतंस तर खावया.” सुगंधा पदर तोंडावर घेऊन हसली. किरीटने नोंद केली, ‘सल्ला मान्य.’

महिना गेला, दोन महिने गेले. रक्त काही वाढलं नाही. उलट सुगंधा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर टेकू लागली. प्रसूतिविभागातल्या डॉक्टर मला कॅन्टीनमध्ये गाठून विचारू लागल्या, “तुमच्या त्या पोराचा आहार पोचतोय ना तिथे?” तिच्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या. तरी गळक्या पिंपात पाणी ओतल्यासारखं चाललं होतं.

त्यातच बाहेर वातावरण तापलं. लालबागच्या नाक्यावर रोज सभा, आणि सभांतून ‘मुंबई आमची’ अशी गर्जना. किरीटचे वडील मला भेटायला आले. पांढरा लांब कोट, काळी टोपी, बोलणं हळू. “बेन, मुलाला दुसरं घर द्या. तुम्ही चांगल्या आहात, पण रस्त्यावर कोण चांगला कोण वाईट कसं ओळखणार?” त्यांचं चुकत नव्हतं. मलाही झोप लागत नव्हती. मी किरीटला बोलावलं आणि जन्मात पहिल्यांदा आयतं उत्तर दिलं, “सोड हवं तर. दुसरं कुटुंब देते.”

तो म्हणाला, “मॅडम, आणि सुगंधाबेनला दुसरा कोण देणार?”

मग दर खेपेला गोपाळ परब त्याला न्यायला लालबागच्या नाक्यावर येऊ लागला. गोपाळ चळवळीत पुढे. घोषणा देऊन देऊन त्याचा घसा बसलेला असायचा. कुणी तरी त्याला टोकलं, काय रे, सकाळी कोणाच्या नावाने ओरडतोस आणि संध्याकाळी कोणाला घरी नेतोस? तो म्हणाला, “ते सरकारला सांगायचं असतं. हा आमच्या घरचा डाक्टर आहे. मध्ये येऊ नकोस.” हे किरीटने मला सांगितलं, तेव्हा मी नाक पुसायला खिडकीकडे वळले.

पण माणसं चांगली म्हणून रक्त वाढत नसतं. किरीटने केस दुसऱ्यांदा वर्गात मांडली. तोच आहार, तेच कारण, तोच उपाय, फक्त आकडे अधिक वाईट. कांबळे बाकावर पुढे सरकला.

“एक विचारू? हे परब मालवणी ना?”

“हो.”

“आणि मासे खात नाहीत?”

“मी पाच महिने जातोय तिथे. एकदाही शिजलेले पाहिले नाहीत. वाससुद्धा आला नाही.”

कांबळे हसायला लागला, पण लगेच थांबला. “अरे, लालबागच्या मालवणी घरात पाच महिने माशाचा वास नाही? तू जातोस ते घर मुंबईतच आहे ना? तू कधी येणार ते त्यांना आधी माहीत असतं का रे?”

किरीटने आपली वही उघडून वार पाहिले. घड्याळ लावून जाणारा तो, त्याचा वार ठरलेला, त्याची वेळ ठरलेली. पोराचा धर्म बाटू नये म्हणून परबांच्या घरात त्या दिवशी मासे शिजत नव्हते. भांडी राखेने दोनदा घासली जात होती. सुके बोंबील शेजारच्या खोलीत मुक्कामाला जात होते. तीन माणसं त्याच्या आदरापायी आठवड्यातले दोन दिवस उपासाला बसल्यासारखी बसत होती, आणि तो त्या दोन दिवसांवरून आठवडाभराचं पान मांडत होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि एवढंच म्हणाले, “बरं. आता कुणाला काय विचाराल?”

दुसऱ्याच दिवशी हरताळ होता. बस बंद, ट्राम बंद, दुकानं बंद. हे दोघे परळहून चालत निघाले, न सांगता. कांबळे बरोबर गेला कारण नाक्यावर गोपाळ नसणार होता. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातच त्यांना बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. दार उघडंच होतं. किरीटला पाहताच आजीने चुलीवरचं कालवण उचललं आणि साठीची बाई खाटेखाली अर्धी शिरली. मागे राहिले नुसते पाय. गोपाळच्या तोंडात घास, सुगंधाच्या हातात बांगड्याचं डोकं. कांबळे सांगायचा, की पोलिसांची धाड पडली असती तरी परब मंडळी एवढी घाबरली नसती.

“आजी, बाहेर या,” किरीट म्हणाला. “ते भांडं वर ठेवा आणि जेवा. मी इथे बसतो.”

खाटेखालून आवाज आला, “तुज्या समोर? माज्या हातसून होवचा नाय. तुजो धरम बुडवन खंय फेडू?”

“धर्माचं मी बघतो. तुम्ही लपवलंत म्हणून मी वहिनींना चुकीचं औषध देतोय.”

हे ऐकून आजी बाहेर आली. मग ती जेवली, गोपाळ जेवला, सुगंधा जेवली, आणि किरीट भिंतीला टेकून, नाकाने श्वास न घेता, ते सगळं बघत बसला. कांबळेने आपलं आडनाव सांगितलं तेव्हा आजी क्षणभर थांबली, मग तिने दोघांपुढे चहा ठेवला. कांबळेला कुठल्या कपात, ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता केसचं सगळं गणितच फिरलं. बाई मासे खाते, रोज खाते, डोक्यासकट खाते, गोळ्याही घेते. मग रक्त जातं कुठे? किरीटने पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. आणि पुन्हा तेच उत्तर आलं, लावणीपासून कापणीपर्यंत गावी. हे त्याच्याकडे पाच महिने लिहिलेलं होतं. पण ते त्याने बाळंतपणाची तारीख काढायला विचारलं होतं. ती तिथे काय करत होती हे नव्हतं विचारलं. आता विचारलं. अनवाणी, घोटाभर चिखलात, शेताच्या कडेला सगळ्या गावाची परसाकडची जागा. “पायांना काही व्हायचं?” सुगंधा म्हणाली, “खाज सुटायची बोटांच्या बेचक्यात. दरवर्षी सुटते. त्यात काय सांगायचं?”

किरीट आणि कांबळे हरताळाच्या सुनसान रस्त्यावरून धावत आले. माझ्या खोलीचं दार न ठोठावता आत. किरीटला धाप लागली होती. “मॅडम, जंत. पायांतून शिरणारे. आतड्याला चिकटून रक्त पिणारे. त्यांची तपासणी कुणी सांगितलीच नाही, कारण मी सगळ्यांना जेवणाचंच सांगत बसलो.” मी तेव्हाही काही बोलले नाही. फक्त सूक्ष्मदर्शकाची किल्ली त्याच्या हातात दिली. नमुना आला त्या दिवशी काचेखाली ती अंडी दिसली, पातळ कवचाची, स्वच्छ, मोजावी तेवढी. मी आयुष्यात बऱ्याच सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत. त्यांत ही जंताची अंडी धरते.

जंताचं औषध त्या काळी जालीम होतं. गरोदर बाईला ते केव्हा आणि कसं द्यायचं, यावर प्रसूतिविभागात दोन दिवस वाद झाला. शेवटी तिला वॉर्डात ठेवून, नजरेखाली ते दिलं गेलं. त्यानंतर मात्र गोळ्या लागू पडल्या. ओठांवर रंग आला. एक दिवस किरीट तासाला उशिरा आला, घड्याळासारखा मुलगा, आणि दारातूनच म्हणाला, “सॉरी मॅडम. त्या तीन मजले चढल्या. न थांबता. मी मागून चढत होतो.” वर्गाने पुन्हा बाकं वाजवली, आणि या वेळी सगळ्यांत मोठ्याने कांबळेने.

बाळंतपण भर दुपारी झालं. कांबळे आणि गोपाळ दोघांनी रक्त देऊन ठेवलं होतं, ते लागलं नाही. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, तिचं रडणं बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आलं. बाकावर एका टोकाला गोपाळ, दुसऱ्या टोकाला किरीट. नर्सने बाहेर येऊन विचारलं, “बाप कोण?” आणि दोघेही उठून उभे राहिले. किरीट लाजून परत बसला. हे वॉर्डात पुढे बरेच दिवस चघळलं गेलं.

डीनसाहेबांनी योजना चालू ठेवली. चाळीतून एकच तक्रार आली होती, ती म्हणजे एका घरातल्या पोराला आमची विद्यार्थिनी फार वेळा हात धुवायला लावते. ती साहेबांनी तक्रारीत धरली नाही. पुढे अशा योजना सगळीकडेच आल्या. त्यांना छापील कागद आले, रकाने आले, आणि मुलं कॅन्टीनमध्ये चहा पीत पीत कुटुंबं भरू लागली. माझ्या निवृत्तीच्या वेळी तर असं एक कुटुंब निघालं, की ज्यांची चाळ पाडून दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी मी फार बोलले. उपयोग काही झाला नाही. वाईट वाटतं, अजून वाटतं. चाळीतला जिना चढल्याशिवाय प्रश्न सुचत नाहीत, हे मला रकान्यात बसवून दाखवता आलं नाही.

पण त्या वर्षी हे काही पुढ्यात नव्हतं. निकालाआधी प्रत्येक कुटुंबाला भेटून मी विचारत होते, पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी पाठवला तर चालेल का? परबांकडे गेले. नात आजीच्या पायांवर होती, तेलाने माखलेली, आजी तिला चोळत होती. सुगंधा दारात तांदूळ निवडत बसली होती. मी किरीटचं कौतुक केलं. म्हटलं, पोरगा हुशार आहे, पास होईल, आता पुढच्या वर्गात जाईल, मग त्याला इकडे यायला सवड मिळणार नाही. नवीन मुलगी चांगली आहे, पाठवू का?

आजीचा हात थांबला.

“दुसरी कोण नको. ह्योच येवंदे.”

“अहो आजी, तो पास झाला की येणार कसा?”

आजीने नातीला उलटं केलं, पाठीवर तेलाचा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मगे नापास करा.”

सुगंधा हसेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. सूप खाली ठेवून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.